ॲप आपलं, पण बिल्ड कुणाचा?

केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी २०२५ च्या सप्टेंबरात आपले दस्तऐवज, स्प्रेडशीट आणि सादरीकरणं झोहो या भारतीय कंपनीच्या सॉफ्टवेअरवर नेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर स्वदेशी सॉफ्टवेअरचा विषय निघाला की रात्री उशिरापर्यंत संपत नाही. ठाण्याची वहिनी, नाशिकचे काका, हिंजवडीत नोकरी करणारा भाचा, सगळ्यांचं म्हणणं एकच: आपला डेटा, आपलं सॉफ्टवेअर. मला हे मनापासून पटतं. चौदा वर्षं हॅम्बुर्गमध्ये राहून मी हीच चर्चा जर्मन भाषेतही ऐकली आहे. शेजारच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ च्या एप्रिलमध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिब्रेऑफिस या मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरवलं, तेव्हा ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. इथला शब्द ‘डिजिटल सार्वभौमत्व’, आपला ‘आत्मनिर्भरता’. काळजी एकच.

पण या चर्चेत एक गोष्ट मला सतत खटकते. आपण बोलतो ते स्क्रीनवर दिसणाऱ्या ॲपबद्दल. ते ॲप ज्या अवजाराने बांधलं जातं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. माझी रोजीरोटीच त्या अवजारावर आहे, म्हणून लिहिते.

जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्यांना अपाची मेवन सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात: प्रोग्रामरने लिहिलेला कोड गोळा करायचा, त्याला लागणाऱ्या शेकडो तयार लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला कोड, आणायच्या, सगळं कंपाइल करायचं, म्हणजे यंत्राला चालवता येईल असं करायचं, तपासायचं आणि वापरण्याजोगं पॅकेज बांधून द्यायचं, हे काम मेवन करतं. या बांधणीलाच बिल्ड म्हणतात. काय हवं ते पॉम नावाच्या एका फाइलीत लिहिलेलं असतं. पुण्यातल्या बँकिंग प्रकल्पात हेच चालतं आणि हॅम्बुर्गच्या बंदरासाठी आम्ही जे सॉफ्टवेअर करतो त्यातही हेच. ते कुणाच्या मालकीचं नाही. अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली जगभरातले स्वयंसेवक ते सांभाळतात.

मेवन ३ आलं २०१० मध्ये. मेवन ४ ची पहिली अल्फा, म्हणजे चाचणीपुरती, आवृत्ती यायला २०२२ उजाडलं. एवढा वेळ का लागला, यात फार मोठी गोष्ट दडलेली आहे. पॉम फाइल दोन कामं करते. एक, आपला प्रकल्प कसा बांधायचा ते सांगते. दोन, लायब्ररी प्रसिद्ध केली की तीच फाइल तिच्याबरोबर जगभर जाते आणि इतरांची टूल्स ती वाचतात. आपल्याकडच्या सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. तलाठी तो लिहितो, पण वाचतात बँक, कोर्ट, वकील, जमीन घेणारा. उद्या तलाठ्याला आपल्या सोयीसाठी एक रकाना वाढवावासा वाटला, तर तो वाचणारे सगळे अडकतील. मेवनचं नेमकं तेच झालं होतं. मेवन २ पासून, म्हणजे २००५ पासून, पॉमचा साचा गोठलेला होता, कारण एक नवा टॅग, म्हणजे नवा रकाना, घातला की ती फाइल वाचणारी ग्रेडलसारखी दुसरी टूल्स आणि एडिटर अडखळणार.

मेवन ४ मध्ये यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. बांधणाऱ्याचा पॉम वेगळा आणि वापरणाऱ्यांसाठी प्रसिद्ध होणारा पॉम वेगळा. तलाठ्याने आपल्या वहीत हवे ते रकाने आखावेत, बाहेर मात्र उतारा जुन्याच साच्यात जावा. मग अडलेल्या सुधारणांना वाट मिळाली. ‘मॉड्यूल्स’ हा शब्द बदलून ‘सबप्रोजेक्ट्स’ झाला, कारण दरम्यान जावा भाषेतच मॉड्यूल ही वेगळीच गोष्ट आली होती आणि नवी मुलं गोंधळत होती. पंचवीस भागांचा बिल्ड एकविसाव्या भागात फुटला, तर तिथूनच पुढे सुरू करायला आता ‘रिझ्यूम’ एवढंच सांगायचं; पूर्वी फुटलेल्या भागाचं नाव शोधून टाइप करावं लागे.

मेवनमधले बदल ठरवणाऱ्या चर्चा कशा चालतात, ते मला आपल्या लोकांना सांगायचं आहे. नवी आवृत्ती काढायची तर निदान ७२ तास मतदान खुलं ठेवण्याचा रिवाज आहे, म्हणजे जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात, कुठल्याही नोकरीत असलेल्या माणसाला सवड मिळावी. प्रकल्प समितीतल्या किमान तिघांचं अधिक एक, म्हणजे होकार, लागतं. कोडमधल्या बदलाला मताचा अधिकार असलेला कुणीही उणे एक, म्हणजे नकार, देऊन तो अडवू शकतो, पण त्याला तांत्रिक कारण लिहावंच लागतं. ‘मला आवडलं नाही’ चालत नाही.

माझ्यावर हा प्रसंग आला आहे. एका प्लगइनमध्ये, म्हणजे मेवनला जोडायच्या एका पूरक भागात, मला दोष सापडला होता. मी चाचणीचं फोल्डर ‘चाचणी’ या नावाने देवनागरीत केलं होतं, आणि विंडोजवर तो मार्ग वाचताना बिल्ड कोसळला. लॉगमध्ये, म्हणजे बिल्डच्या नोंदीत, माझ्या शब्दाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं. मी दुरुस्ती पाठवली. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाने ती चूक असल्याचं सरळ लिहिलं, चार ओळींत, कारणांसह. मला अपमान वाटला. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहते तर त्यानेच माझ्या मुद्द्यासाठी एक टेस्ट लिहून दिली होती आणि फोल्डरचं नाव तसंच देवनागरीत ठेवलं होतं. दुरुस्ती त्याच्या पद्धतीने झाली, पण झाली. इतकी वर्षं तो दोष कुणाला दिसला नाही, कारण देवनागरीत फोल्डरला नाव देणारं त्या चर्चेत कुणी नव्हतं.

पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत अशीच एक दुरुस्ती मी केली होती. मॅनेजर म्हणाले, “चांगलंय, पण हे आपल्या कॉपीतच ठेव. बाहेर पाठवायचं काम क्लायंटच्या तासांत बसत नाही.” ते कंजूष नव्हते, भला माणूस होता. त्यांच्या टाइमशीटमध्ये त्या कामाला खरोखरच रकाना नव्हता. टूलची पुढची आवृत्ती आली तेव्हा आमची दुरुस्ती तिच्यात नव्हती, आणि दोन जणांचा अख्खा आठवडा तीच पुन्हा बसवण्यात गेला.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. जर्मनीतल्या कंपन्याही फुकटचं वापरतात आणि विसरून जातात; असं सॉफ्टवेअर सांभाळणारे कितीतरी मेंटेनर दिवसभराची नोकरी करून, मुलं झोपल्यावर हे काम करतात. फरक एवढाच की २०२२ मध्ये इथल्या केंद्र सरकारने सॉव्हरिन टेक फंड काढला आणि कर्ल, लॉगफोरजे यांसारख्या, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या देखभालीला सरकारी पैसा द्यायला सुरुवात केली. आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. बेंगळुरूच्या झेरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आणि पुण्याला तर हे नवं नाहीच. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर आपण कित्येक वर्षं ज्या लोहित फॉन्टात मराठी वाचत आलो, तो सांभाळला पुण्यात बसलेल्या, रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरांनी.

म्हणजे बुद्धी आहे, पैसाही थोडा आहे. अडतं ते परवानगीपाशी आणि सवयीपाशी. नोकरीच्या करारात बहुधा लिहिलेलं असतं की तू लिहिशील ते सगळं कंपनीचं. आणि वरिष्ठांना चारचौघांत, लेखी, ‘हे चुकतंय, कारण असं’ म्हणणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. माझी मागणी साधी आहे. हिंजवडीतल्या, खराडीतल्या प्रत्येक कंपनीने, जी टूल्स ती रोज वापरते त्यांची दुरुस्ती परत पाठवायला करारातच मुभा द्यावी आणि टाइमशीटमध्ये तिला रकाना द्यावा. आठवड्याला दोन तास पुरे. सरकारला स्वदेशीचा आग्रह धरायचा असेल, तर सॉफ्टवेअरच्या निविदांमध्ये ही अट घालावी.

भाचा दिवसातून वीस वेळा ‘क्लीन इन्स्टॉल’ मारतो, म्हणजे आधीचं सगळं पुसून पहिल्यापासून बांधतो. बहुतेक वेळा नुसतं ‘व्हेरिफाय’, म्हणजे न पुसता बांधून तपासणं, पुरतं, हे त्याला मी दिवाळीत सांगितलं. त्यावर तो मला कधी न विचारलेलं विचारू लागला. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, “मावशी, एका प्लगइनचं डॉक्युमेंटेशन चुकीचं आहे. मी दुरुस्त केलंय. पाठवू?”

“पाठव की.”

“कुणी उणे एक दिलं तर?”

“तर कारणही देईल. ते वाच, आणि पटलं नाही तर उत्तर लिही.”

दुरुस्ती अकरा ओळींची आहे. मी वाचली, अचूक आहे. त्याने रीतसर कंपनीच्या कायदा विभागाकडे परवानगी मागितली, त्याला आज चौथा आठवडा. उत्तर आलेलं नाही.