काकांच्या धानावरचा करपा आणि ट्रायकोडर्माची पुडी

भाऊ, प्रतिक्रिया झोंबली, पण लिहिलीत ते बरं केलंत. तुमचं म्हणणं असं, की ट्रायकोडर्माचं, म्हणजे रोगाच्या बुरशीला खाणाऱ्या मित्रबुरशीचं, प्रशिक्षण म्हणजे बॅनर, फोटो आणि समोसा. मौद्याला तुमच्या काकांनी तिची पुडी वापरली तरी धानावर करपा आलाच. त्यापेक्षा पेंच धरणाचं पाणी वेळेवर सोडा.

पाण्याबद्दल वाद नाही. समोशाबद्दलही नाही. मार्चमध्ये सभागृहाच्या पडद्यावर बुरशी दाखवून कोणाचं भलं होत नाही. हा वर्ग जूनमध्येच, पऱ्हे (धानाची रोपं) टाकतानाच भरायला पाहिजे. आणि रोवणी बायांनी करायची, प्रशिक्षणाला मात्र पुरुषांनी जायचं, हे गणित मला आजवर उमगलेलं नाही.

पण काकांना एक विचारा, करपा कोणता होता? पानं कडेनं वाळत गेली असतील तर तो कडा करपा. तो जिवाणूचा रोग, त्यावर ही बुरशी उतारा नाही. लोंबी मानेत मोडली असेल तर मानमोडी. तिचे बीजाणू हवेतून येतात. जूनमध्ये बियाण्याला चोळलेली पुडी ऑक्टोबरात तिथवर कशी पोचणार? ट्रायकोडर्माचं काम जमिनीत, बियाण्याभोवती आणि मुळांशी. रोगाच्या बुरशीच्या धाग्याला ती वेटोळं घालते आणि त्याचं कवच विरघळवून त्यावर जगते. तिला हवा लागते, त्यामुळे पाणी भरलेल्या बांधीत ती फेकणं म्हणजे पैसे चिखलात घालणं.

शिवाय पुडी जिवंत होती का? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. पत्र्याखाली पडून राहिलेल्या पुडीत शेवटी नुसती टाल्कची भुकटी उरते. बियाण्याला आधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलं असेल, तर उरलीसुरली आपणच मारली.

पारख घरीच होते. चिमूटभर पुडी ओलसर, कुजलेल्या शेणखतात कालवा, वर ओलं पोतं टाका, सावलीत ठेवा. आठवड्याभरात पांढरी, मग हिरवी साय धरली पाहिजे. काही जातींना तर चक्क खोबऱ्याचा वास येतो! काहीच उगवलं नाही, तर पुडी दुकानदाराला परत करा.

यंदा काकांना १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बी त्यात टाकायला सांगा. तरंगलेलं काढायचं, तळचं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं, मग किलोला ५ ग्रॅम पुडी चोळायची. एक वाफा असा, शेजारचा बिनपुडीचा, मध्ये खुंटी. रोवणीच्या वेळी दोन्हींतली मूठभर रोपं उपटून मुळं धुऊन बघा आणि फोटो पाठवा. फरक दिसला नाही, तरी तो फोटो इथेच टाकेन.