माळ्यावरची माळ

वसुबारसेच्या संध्याकाळी माळ्यावरून दिव्यांची जुनी माळ काढली. बारके बल्ब 40, गुंता 400 बल्बांचा. तो सोडवून प्लग लावला. माळ ढिम्म.

"एखादा बल्ब उडाला असेल," मी जाणतेपणाने म्हणालो.

"मग सगळेच जाणार," दहावीतल्या लेकीने पुस्तकातून मान वर न करता सांगितलं. "एकसर जोडणी आहे, बाबा. विजेला जायला वाट एकच." स्वयंपाकघरातली ट्यूब गेली म्हणून फ्रिज बंद पडत नाही, कारण घरात समांतर जोडणी असते, हेही ऐकवलं. वर गणित: 230 व्होल्ट भागिले 40, म्हणजे बल्बामागे पावणेसहा. म्हणून हे बल्ब 6 व्होल्टचे. ओहमने आपला नियम 1827 मध्ये छापला; मी तो दहावीत पाठ केला आणि निकालाच्या दिवशी परत केला.

पिशवीत जादा बल्ब एकच होता. प्लग काढायचा, माळेतला एक बल्ब उपसायचा, जादा बल्ब तिथे बसवायचा, प्लग लावायचा. अंधार. पुन्हा प्लग काढून जुना बल्ब जागेवर. बल्ब नखाएवढा, त्याच्या बुडाशी केसासारख्या दोन तारा, आणि माझा जवळचा चष्मा ऑफिसात. अशा 40 फेऱ्या झाल्या. मधे बायको दोनदा डोकावून, "कोपऱ्यावर नवी मिळते हं," एवढंच बोलून गेली.

"दोन उडाले असतील तर?" लेक म्हणाली. "एकेक बदलून जन्मात पेटणार नाही."

हे तिला पहिल्या बल्बाला सुचलं असतं तर!

मग प्रत्येक बल्ब वेगळा तपासायचं ठरलं. टीव्हीच्या रिमोटमधले दोन पेन्सिल सेल काढले. 3 व्होल्टवर बल्ब निरांजनासारखा मिणमिणायचा, पण जिवंत आहे एवढं कळायचं. टीव्ही तोवर बातम्यांवर अडकला आणि मालिकेच्या वेळेला आईला चार माणसांची भांडणं ऐकावी लागली. सातवा आणि एकतिसावा मेलेले निघाले. एकाच्या जागी जादा बल्ब बसला, दुसरा शेजारच्या काकांच्या तसल्याच निकामी माळेतून उपटून आणला.

माळ लागली! मी दोन पावलं मागे सरून ती डोळे भरून बघतोय, तोच आईची हाक आली, "अरे, रिमोट चालत नाहीये!"

लेकीने झाकण उघडलं. एक सेल मी उलटा घातला होता.

"बाबा, दीड वजा दीड किती?"