पटाचा बैल की बैलांचा पट?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोट्टेपाट्टे लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. यंदा पोरीच्या सेमी-इंग्रजी शाळेनं त्यातूनही अभ्यास काढला: आपल्या बैलाचं इंग्रजीत वर्णन करा.

"बाबा, वुडन रेड ओल्ड लिटल ब्यूटिफुल बुल. बरोबर ना?"

मी मान डोलावली. मराठीत जुना लाल म्हणा की लाल जुना म्हणा, बैलाची काही तक्रार नसते. इंग्रजीत मात्र विशेषणांची रांग ठरलेली. आधी आपलं मत, मग आकार, मग वय, रंग, मूळ गाव आणि शेवटी कशाचा बनला ते. ब्यूटिफुल लिटल ओल्ड रेड वुडन बुल! पुस्तकात हे वाचलं आणि वाटलं, ही रांग आपण कुठंतरी ऐकलीय. बैलबाजारातला दलाल असाच बोलतो की! "काय देखणं जनावर हाये!" मग उंची, मग तोंड उघडून दात, मग रंग, मग "अस्सल गवळाऊ, आर्वीकडचा." शेवटचं 'लाकडी' तेवढं तो सांगत नाही. ते घरी आणून औताला जुंपल्यावर कळतं.

विशेषणांचं एक वेळ जमलं, पण पुढं नामालाच नाम जुंपलेलं निघालं. शू शॉप. दुकानात शंभर जोडे असले तरी पहिलं नाम बहुधा एकवचनीच. आजी म्हणाली, "म्हंजे एकाच पायाचा जोडा ईकते का थो?" तसंच थ्री-एकर फार्म. एकर तीन, पण अनेकवचनाचा एस गायब. आमच्या तीन एकरांचं उत्पन्न पाहता ते योग्यच आहे म्हणा.

घात केला तो शंकरपटानं, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीनं. पोरीनं विचारलं, याला इंग्रजीत काय म्हणायचं? मी ठसक्यात सांगितलं, "रेस बुल!" तिनं लिहिलं, 'एव्हरी इयर वुई हॅव अ बिग रेस बुल.'

वही लाल होऊन परत आली. इंग्रजीत दोन नामं शेजारी बसली की मालक दुसरा, पहिला नुसता गडी. हॉर्स रेस म्हणजे शर्यत, रेस हॉर्स म्हणजे घोडा. आपल्याकडे निदान 'चा-ची-चे' मध्ये उभे राहून कोण कोणाचं ते सांगतात. तिथं जागा चुकली की पटाचा बैल होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली पटाला मोकळीक दिली, पण माझ्या वाक्याला लाल पेनानं दिली नाही.

संध्याकाळी ओसरीवर सगळा खटला आबाजींपुढं गेला. त्यांनी सुपारी कातरत दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

"मंग पोरीचं चुकलं काय?" ते म्हणाले. "पट पाहाले कोन जाते? लोकं बैलच तं पाहाले जातेत!"