भो, इथं सायकल चालवतं कोण?

येत्या रविवारी संध्याकाळी कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये, मंदिरासमोरच्या शेडखाली बैठक आहे. विषय, जळगावात सायकल ट्रॅक आणि शहर बस हवी की नको. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आलाच असेल. तुम्ही जायलाच पाहिजे. जाणत्या माणसांनी घरी बसायचं ठरवलं की कोणीतरी भाबडा उठतो आणि ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

जाताना चारचाकीनेच जा, घर दोन गल्ल्यांवर असलं तरी. पायी आलेल्या माणसाचं वाहतुकीवरचं मत कोण ऐकतं? गाडी शेडच्या तोंडाशी आडवी लावा आणि बोलताना किल्ली बोटात फिरवत राहा.

सुरुवात ठरलेली आहे : “माझा पर्यावरणाला विरोध नाही, पण...” या ‘पण’च्या पुढे काहीही खपतं. तरी पहिलं ऊनच काढा. ते आपलं हुकमाचं पान. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, हे जळगावकराला सांगावं लागत नाही. “या उन्हात सायकल? माणूस भरताच्या वांग्यासारखा भाजून निघेल भो!” हशा पिकेल. तो ओसरायच्या आत पुढच्या मुद्द्यावर या. नाहीतर एखादी ताई विचारायची, सनकोट, स्कार्फ आणि हातमोजे चढवून आम्ही आकाशवाणी चौकात स्कूटीवर उभ्या असतो, तेव्हा आम्हाला एसी लावलेला असतो का? रस्ता रुंद करायला निंब तोडले त्या दिवशी ऊन कुठे गेलं होतं, असंही कोणी खवचटपणे म्हणेल. त्याला एकच शब्द ऐकवायचा : विकास.

मग ब्रह्मास्त्र. “इथं सायकल चालवतं कोण?” हा प्रश्न टाकला की सगळे एकमेकांच्या गाड्यांकडे बघतात आणि मान डोलावतात. फक्त एक पथ्य पाळा. सकाळी सात-साडेसातला अजिंठा चौफुलीकडे फिरकू नका. तिथे एमआयडीसीच्या पाळीला निघालेली माणसं दिसतात. डाळ मिलवाले, चटई कारखान्यातले, पाइपवाले. हँडलला लटकलेली डब्याची पिशवी, डोक्याला रुमाल, चेनगार्ड तारेने बांधलेला. एका सायकलीच्या कॅरियरवर तर दुसरा माणूसही असतो, आणि चढ आला की तो न सांगता खाली उतरून चालायला लागतो. शेजारून ट्रक जातात. हा साधा रस्ता नाही, सुरत-नागपूर राष्ट्रीय महामार्ग आहे. ही माणसं बैठकीला येत नाहीत, कारण त्यांना निरोप जात नाही. निरोप कॉलनीच्या ग्रुपवर असतो. तेव्हा ‘कोणीच नाही’ हे तुमचं म्हणणं बैठकीपुरतं शंभर टक्के खरं आहे.

कोणी म्हणेल, मानव विकास कार्यक्रमात सरकार आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देतं, त्यांच्यासाठी निळी एसटी सोडतं. त्याला समजवा की ते खेड्यांसाठी आहे. खेड्यात सायकल ही योजना असते, शहरात आली की ती अडचण होते.

बसच्या बाबतीत फार घाम गाळावा लागत नाही. “पूर्वी होती की शहर बस, बंद पडली,” एवढं पुरे. का बंद पडली, हे विचारायला कोणाला वेळ असतो? बस वेळेवर नाही म्हणून माणसं चढत नाहीत, माणसं चढत नाहीत म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून बस आणखी उशिरा. हे चक्र कुठून तोडायचं ते आपल्याला ठाऊक आहे, पण बोलायचं नाही. केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर केली, 10,000 बस, 3 लाखांवरच्या शहरांसाठी, हा मुद्दा निघेलच. जळगाव 2011 च्या जनगणनेतच 4 लाख 60 हजारांचं होतं, हेही कोणी सांगेल. तुम्ही शांतपणे विचारा, “आणि लाइट गेली तर?” खान्देशात या प्रश्नाला आजवर कोणी हरवलेलं नाही.

शिवाय रिक्षा आहेतच. परवाना तीन सीटांचा, तरी “सरका भाऊ, एक सीट आहे” म्हणत चौथा, पाचवा आणि ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून सहावा. एवढी माणुसकी बसमध्ये सापडेल का?

बैठकीत एखादा वाचणारा असतोच. तो 2006 चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण काढेल. रस्त्याची जागा वाहनांना नाही, माणसांना वाटायची, असं त्यात आहे म्हणे. घाबरू नका. “आम्ही काय जनावरं आहोत? गाडीत माणूसच बसतो ना!” असं ठणकावा. चारचाकीत बहुतेक वेळा एकच बसतो, हे त्याला मोजू देऊ नका. लगेच पार्किंगवर या : ट्रॅक झाला तर फुले मार्केटला गाडी लावायची कुठे? तिथे सध्या तरी कुठे लागते, असा विचार कोणाच्या मनात यायच्या आत चहा मागवा.

शेवटी ठराव लिहून घ्या : “आधी पार्किंग, मग खड्डे, मग गटारी, मग अतिक्रमण, त्यानंतर सायकल ट्रॅक.” तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत काळजी नाही.

निघणार तोच बायकोचा फोन येईल, पोरीचा क्लास सुटलाय, घेऊन या. गाडी काढायला जाल तर ती अडकलेली. तुमच्या मागे सेक्रेटरींची, त्यांच्या मागे डॉक्टरसाहेबांची, आणि दोघंही अजून चहाला थांबलेले. क्लास चारशे मीटरवर आहे. चप्पल घाला, निघा. वाटेत कोणी भेटलं तर सांगा, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय.