मायनस चाळीस आणि आमचे हे

नवऱ्याचं रिटायर होणं आणि इथल्या, म्हणजे कॅनडातल्या सस्काटूनचा जानेवारी, ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आल्या तर बाई कशीही निभावून नेते. दोन्ही एकदम आल्या की काय होतं ते मी सध्या बघतेय. थंडीचं मला काही नाही हो, थंडीवर टोपीवाला जाड कोट, पार्का, मिळतो.

म्हणजे बघा, हेच जर नाशकात रिटायर झाले असते तर सकाळी फिरणं, मग कट्टा, मग बँकेत जाऊन पासबुक भरून आणणं, येताना भाजी, वाटेत कुणाच्यातरी नळदुरुस्तीला उभं राहून फुकटचे सल्ले, की वाजले साडेबारा. बायकोला कळत पण नाही की नवरा रिटायर झालाय. इथे नोव्हेंबरला दार लागलं की मार्चपर्यंत माणूस घरात, आणि एप्रिलचा पण काही भरवसा नाही. उन्हाळा असला की ह्यांना मागचं अंगण आहे, टोमॅटो आहेत, त्या टोमॅटोंवर बोलायला शेजारी आहे. हिवाळ्यात फक्त मी आहे.

आणि ह्यातली खरी गंमत अशी की ह्यांनी इथला हिवाळा आयुष्यात कधी बघितलेलाच नाही. पटणार नाही, पण खरंय. हे होते पोटॅशच्या, म्हणजे खताच्या क्षाराच्या, खाणीत. पोटॅश इथे जमिनीखाली साधारण एक किलोमीटरवर असतं आणि तिथे बारा महिने मस्त उबदार, वर मायनस पस्तीस असू दे नाहीतर प्लस पस्तीस, खाली आपले सगळे शर्टावर. डिसेंबरात इथला दिवस पावणेआठ तासांचा पण नसतो, म्हणजे हे अंधारात गाडीत बसायचे, अंधारात खाली उतरायचे, वर यायचे तर परत अंधार. वर जे काय चाललेलं असायचं, म्हणजे बर्फ उपसणं, मुलांना स्नोपँट घालणं आणि ती घालून झाली की मग शू लागलीय हे ऐकणं, हरवलेला एक हातमोजा शोधणं, बंद पडलेली गाडी, ते सगळं मी बघत होते. आणि आता हा माणूस वर आलाय, आणि मला हिवाळा समजावून सांगतोय.

सुरुवात सकाळी होते. आमच्याकडे तीन थर्मामीटर आहेत, एक किचनच्या खिडकीबाहेर, एक गॅरेजात, एक मागच्या डेकवर, शिवाय फोनवर एअरपोर्टचं तापमान. चारही आकडे वेगळे येतात, मग त्याची सरासरी निघते, मग ती मला सांगितली जाते.

"अगं, विंडचिल मायनस ४६! उघडी कातडी दहा मिनिटांच्या आत गोठते."

मी म्हणते, अहो पण मी पोहे करतेय.

विंडचिल म्हणजे वारा धरून अंगाला जाणवणारी थंडी. पूर्वी इथे ती वॉटमध्ये सांगायचे, म्हणजे दर चौरस मीटरला किती वॉट उष्णता जाते असलं काहीतरी. रेडिओवरचा माणूस "आज सोळाशे" म्हणाला की आम्ही बायका मुलांच्या मफलरला दोन वेढे जास्त द्यायचो, कुणाला मीटर नको न गणित नको. २००१ मध्ये ते बदलून डिग्रीसारखा आकडा आणला, सगळ्यांना सोपं जावं म्हणून. ह्यांना ते सोपं झालेलं आवडत नाही. पोहे खाता खाता कागदावर उलटा हिशोब करतात आणि "जुन्या मापाने दोन हजारच्या वर जातंय बघ" म्हणून तो कागद माझ्यासमोर धरतात. आणि मी चुकून जरी म्हणलं की आज फारच गारठा आहे बाई, की लगेच, "हे काहीच नाही, १ फेब्रुवारी १८९३ ला इथे मायनस ५० झालं होतं." जसं काही हे तेव्हा होतेच इथे!

बरं घराच्या बाहेरची हवा एक वेळ परवडली, आतली फार अवघड. फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी, दिवसभर चालू असते त्यामुळे घर नुसतं कोरडंठाक, ओठ फुटतात, लाकडी जमिनीला फटी पडतात, स्वेटर काढताना केसांतून चटचट ठिणग्या, आणि मी ह्यांना चहाचा कप द्यायला गेले की दोघांनाही चटका बसतो आणि तो चहाचा नसतो. मग ह्युमिडिफायर लावायचा. पण बाहेर मायनस तीस असताना आत ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की तो खिडकीच्या काचेवर जाऊन गोठतो, खालच्या चौकटीत बर्फाची पट्टी जमते, मग ऊन आलं की ती वितळून भिंतीत. त्यामुळे ह्यांनी एक ओलावामापक पण आणलाय. तो कुठे ठेवलाय? माझ्या गॅसच्या शेजारी.

आता मराठी माणसाचा स्वयंपाक म्हणजे वाफ. कुकर म्हणजे वाफ, मोदक म्हणजे वाफ, साधा वरणभात टाकला तरी काटा हलतो. काटा हलला की हे येतात आणि एक्झॉस्ट फॅन लावतात. फॅन लावला की पाच मिनिटांनी ह्यांच्याच लक्षात येतं की ह्याने घरातली गरम हवा बाहेर जातेय आणि तेवढी गार हवा फटीफटीतून आत येतेय, मग हे येऊन फॅन बंद करतात. बंद केला की फोडणीने स्मोक अलार्म ओरडतो. अलार्म ओरडला की हे दार उघडतात. मायनस पस्तीसला दार उघडलं की काय होतं माहितीये का, उंबऱ्यावर पांढरा ढग तयार होतो आणि तो सरळ घरात चालत येतो, पौराणिक मालिकेत देव प्रकट होतात ना तस्सा. देव काही येत नाहीत, कढीपत्ता मात्र मरतो. तो कढीपत्ता मी कुंडीत पोरासारखा सांभाळलाय, सप्टेंबरात आत, जूनमध्ये बाहेर, मध्ये खिडकीपासून बरोबर हातभर लांब. दाराशेजारच्या फांदीची पानं एका दुपारीत काळी पडली. दोन दिवस मी बोलले नाही ह्यांच्याशी. ह्यांना ते कळलं की नाही ते पण मला माहीत नाही, कारण त्या दोन दिवसांत फर्नेसच्या बाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी बर्फ जमत होता आणि हे टॉर्च घेऊन त्यातच होते.

संक्रांत नेमकी ह्याच दिवसांत. आमच्याकडे हळदीकुंकू असतं. काठापदराच्या साड्या, त्याखाली लाँग जॉन्स म्हणजे आतून घालायच्या गरम विजारी, त्यावर लोकरी मोजे, वरून गुडघ्यापर्यंत पार्का, आणि दाराशी बुटांचा असा ढीग की जाताना प्रत्येकीला आपले तेच आपले ह्याची खात्री नसते. यंदा हे त्या बायकांत येऊन "आज मकर संक्रांत म्हणजे उत्तरायण वगैरे ठीक आहे, पण जमीन थंड व्हायला वेळ लागतो, खरी थंडी दिवस मोठा व्हायला लागल्यावरच येते" हे सांगत होते. चुकीचं काही नव्हतं त्यात. पण एक बाई माझ्या कानात म्हणाली, "ह्यांना कुठेतरी पाठवा हो."

कुठेतरी म्हणजे कॉफी रो. हे सस्कॅचवानचं, म्हणजे आमच्या प्रांताचं, खास प्रकरण. गावागावात म्हातारे शेतकरी सकाळी एका ठरलेल्या टेबलाभोवती बसून कॉफी पितात आणि पाऊस, गहू, सरकार आणि हॉकी ह्यांची मापं काढतात. शेत विकून शहरात आले तरी ती सवय सुटत नाही, मॉलमध्ये टेबल धरतात. आपला पारावरचा कट्टाच, फक्त टोप्या वेगळ्या. हे आधी जायलाच तयार नव्हते. "मी त्या शेतकऱ्यांशी काय बोलणार?" म्हणलं, जे माझ्याशी बोलता तेच बोला, त्यांना नवीन असेल.

पण पाठवायचं म्हणजे गाडी आली. आमचं गॅरेज ह्यांच्या सामानाने भरलंय त्यामुळे गाडी बाहेर. बाहेरच्या गाडीला रात्री प्लगमध्ये लावावं लागतं, इंजिनाला हीटर असतो, नाहीतर सकाळी इंजिन चालू होतच नाही. (माझा भाचा आला होता तो गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर बघून म्हणाला, वा मावशी, इलेक्ट्रिक घेतली वाटतं.) ह्यांनी त्याला टायमर बसवलाय, पहाटे चारला चालू होईल असा, म्हणजे वीज वाचते. वाचते खरी, पण चारला तो टायमर खरंच चालू झाला का ते बघायला हे चारला उठतात. तर ती गाडी गुरगुरत सुरू होते, सीट लाकडाची झालेली, आणि टायर रात्रभर एकाच जागी उभे राहून खालून चपटे गोठलेले असतात, पहिला किलोमीटरभर बैलगाडीत बसल्यासारखं ठक ठक ठक. डिकीत कांबळं, फावडं, वाळूची पिशवी, चॉकलेट आणि डब्यात मेणबत्ती. बर्फात अडकलात तर डब्यात मेणबत्ती लावून बसा, गाडी जरा उबदार राहते, असं इथे सगळेच सांगतात, फक्त काच थोडी उघडी ठेवायची. माझ्या मेणबत्तीच्या डब्यावर अजून "शेंगदाणे" लिहिलेलं आहे.

मी मॉलमध्ये चकरा मारते, माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतात, दुकानं उघडायच्या आधी पांढरे बूट घालून भराभर फिरतात. तोवर हे टेबलावर. आणि जमलं हो ह्यांचं! कारण त्यातले अर्धे म्हातारे अजून फॅरनहाइटमध्ये बोलतात आणि हे सेल्सियसमध्ये, त्यामुळे रोज सकाळी भांडायला विषय तयार. मायनस ४० ला मात्र दोन्ही मापं एक होतात, त्या दिवशी टेबलावर एकमत असतं आणि कुणालाच मजा येत नाही. शिवाय इथलं पोटॅश जहाजाने भारतात जातं, तिथल्या शेतात पडतं, हे सांगितल्यापासून ह्यांना तिथे मान आहे. एकाने तर विचारलं की तुमच्या बायकोच्या गावी काय पिकतं. हे म्हणाले, निफाड, द्राक्षं. मग पारा पाचच्या खाली गेला की तिथले लोक बागेत शेकोट्या पेटवतात हे पण सांगून झालं, आणि ते म्हातारे, ज्यांनी मायनस ४५ ला गुरांना चारा घातलाय, ते इतक्या काळजीने ऐकत होते म्हणे की पाचला फारच त्रास होत असेल बिचाऱ्यांना.

पण कॉफी रो झालं तरी दीड-दोन तासांचं. बाकीचा दिवस उरतोच.

मग देव धावून आला, शेजाऱ्याच्या रूपाने. शेजारचे युक्रेनी वंशाचे आजी-आजोबा दर हिवाळ्यात ॲरिझोनाला जातात, मेसाला. अशा लोकांना इथे स्नोबर्ड म्हणतात. पण घर नुसतं कुलूप लावून जाता येत नाही, फर्नेस बंद पडली तर पाण्याचे पाइप गोठून फुटतात, आणि कुणी नियमित येऊन बघत नसेल तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. म्हणून किल्ली आमच्याकडे. ह्यांचा चेहरा असा झाला की खाण परत सुरू झाली. वही केली. तारीख, वेळ, वरच्या मजल्याचं तापमान, बेसमेंटचं तापमान, नळ तपासले, सही. सही कुणासाठी ते विचारू नका. रोज मेसाला ईमेल, "बेसमेंट १३.८". तिकडून अंगठा येतो, कधीकधी स्विमिंग पूलचा फोटो.

मला तेवढा वेळ शांतता मिळायची, त्यात मी बहिणीशी बोलून घ्यायची. आमच्याकडे घड्याळं मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे भारत बारा महिने साडेअकरा तास पुढे, हिशोब करावा लागत नाही. चांगलं चाललं होतं.

पण परवा मायनस ४१ झालं, वर वारा. हे दाराशी पूर्ण तयार, लाँग जॉन्स, दोन पँट, पार्का, टूक म्हणजे लोकरी कानटोपी, त्यावर पार्काची टोपी, फक्त डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांनी फोन बघत होते. "अगं, पाच मिनिटांत कातडी गोठते म्हणतायत." म्हणलं, अहो शेजारचं घर आहे, हाक मारली तर ऐकू येतं. "हो, पण कुलूप उघडायला हातमोजा काढावा लागतो, कुलूप गोठलं असलं तर वेळ लागतो, मग तिथे किल्ली हातात, धातू..." असं बराच वेळ उभ्या उभ्या गणित चाललं, आणि शेवटी घामाने भिजले म्हणून ह्यांनी सगळं काढलं.

मी गाऊनवर पार्का चढवला, किल्ली उचलली आणि गेले. बर्फ पायाखाली कुरकुर वाजत होता, नाकातले केस टोचायला लागले तेवढ्यात मी त्यांच्या दारात. कुलूप पहिल्या फटक्यात उघडलं.

आत चौदा डिग्री असेल. नळ बघितले. मग सोफा दिसला. पार्का अंगावर होताच. बसले. घड्याळाची टिकटिक, मध्येच फर्नेस सुरू झाल्याचा आवाज, आणि बराच वेळ कुणीही मला तापमान सांगितलं नाही. त्यांच्या टेबलावर शब्दकोड्यांचं पुस्तक होतं, त्यातलं एक सोडवलं पण, पेन्सिलीने, अगदी पुसट.

परत आले तर हे दारातच.

"पाऊण तास! मी आता फोन करणार होतो. पाइप फुटला का?"

"नाही, बघत होते."

"सगळं बघितलंस ना? वरचं बाथरूम? बेसमेंट?"

"बेसमेंट राहिलं," मी म्हणलं, आणि किल्ली माझ्या पार्काच्या खिशात ठेवली. "उद्या जाते परत."