स्पोर्ट मोडमधला संसार

इलेक्ट्रिक गाडी घेतली की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "किती देते?" आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, "पेटबिट नाही ना घेत?" तिसरा प्रश्न विचारायचं कोणाला सुचत नाही. आमच्या गाडीत गिअरच्या दांडीच्या जागी एक गोल खटका आहे. तो फिरवला की इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन मोड लागतात. त्यातला तिसरा लावला की समोरचा पडदा लालभडक होतो आणि गाडीत बसलेल्या सगळ्यांची तोंडं आपापल्या स्वभावाप्रमाणे बदलतात. माझा सगळा जाच त्या तिसऱ्या मोडचा आहे, पण त्याबद्दल कोणी विचारतच नाही. म्हणून आपणहून सांगतेय.

शोरूममधल्या मुलानं हा मोड दाखवला तोच मुळी आमच्या ह्यांना. "सर, हा तुमच्यासाठी. एकदम किक बसते बघा." गाडी माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, चालवणार मी, आणि किक सरांना. सरांनी अख्खी नोकरी वीज खात्यात काढली. गाडीतला पडदा त्यांना पडदा वाटत नाही, मीटर वाटतो. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला मी स्पोर्ट लावून जरासा पाय दाबला तेव्हा हे "वा" म्हणाले नाहीत, "अरे बापरे" म्हणाले नाहीत. त्यांनी त्या पडद्यावरचा एक आकडा वाचला आणि म्हणाले, "शंभर किलोवॉट! अगं, आपल्या घराचा मंजूर भार पाच आहे. वीस घरं चालवत्येस तू एका पायानं!"

शोरूममधल्या मुलाला हे कौतुक वाटलं. त्यानं पेढे पुढे केले.

आता स्पोर्ट मोडमध्ये होतं काय, ते मी मुलाकडून, यूट्यूबवरून आणि थोडं पायानं शिकले. पेट्रोलच्या इंजिनाला पुरा जोर लावायचा तर आधी फेरे वाढवावे लागतात. क्लच, गिअर, जराशी घरघर, मग ते जागेवरून उठतं. मोटरला ही पूर्वतयारी लागत नाही. गाडी शून्यावर उभी असते तेव्हाच सगळा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, हजर असतो. इको आणि सिटीमध्ये सॉफ्टवेअर त्याला दटावून ठेवतं, पाय अर्धा दाबला तरी गाडी पाव ऐकते. स्पोर्टमध्ये हे दटावणं बंद. म्हणजे नवीन ताकद कुठून येत नाही, असलेली ताकद न विचारता मिळते. आणि आवाज होत नाही! पेट्रोलची गाडी झेपावण्याआधी निदान ओरडून सांगते. इथे बाजूला बसलेला माणूस मोबाइलवर गुड मॉर्निंगची फुलं पुढे पाठवत असतो आणि पुढच्या क्षणी त्याची मान सीटच्या टेकूला चिकटलेली असते.

शून्य ते पन्नास, साधारण चार सेकंद. सुख म्हणतात ते एवढंच. पाचव्या सेकंदाला समोर रिक्षा असते.

पुण्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत जे गतिरोधक आहेत त्यातले निम्मे सरकारी आणि निम्मे लोकांच्या हौसेचे. मारुतीच्या देवळासमोर एक, शाळेसमोर दोन, आणि एक असा आहे की त्याच्यासमोर काहीच नाही, पूर्वी कोणीतरी मोठं राहायचं म्हणतात. मेट्रोचे खांब, खोदकाम, उलट्या दिशेनं येणारे कुरिअरवाले, दुभाजकावरून उतरणारी कुत्री, आणि हिरवा लागल्याबरोबर नाही तर हिरवा लागण्याआधीच मागून वाजणारे हॉर्न. यात स्पोर्ट मोड म्हणजे कपाटातली पैठणी. पैसे पूर्ण मोजलेत, अधूनमधून उघडून बघायची, पण नेसून जायचं कुठे?

आणि गंमत अशी की ताशी शंभर किलोमीटरची रेषा जगात पहिल्यांदा ओलांडली ती विजेच्याच गाडीनं. २९ एप्रिल १८९९ ला, पॅरिसजवळ, कामिल जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थानं तोफगोळ्याच्या आकाराच्या गाडीतून ताशी एकशेपाच गाठले. पेट्रोलवाले तेव्हा मागे होते. सव्वाशे वर्षांनी मी त्याच विजेच्या गाडीत बसून पौड रोडवर एका उसाच्या ट्रॉलीमागे होते, तेव्हा ही माहिती मी गाडीत जाहीर केली. हे म्हणाले, "त्याच्या गाडीत मागे आई नसणार."

खरी गोष्ट इथेच आहे. मागे आई असतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही बदललेले. माझा अंदाज होता की मोठा विरोध तिथून येणार. घडलं उलटंच.

होळीचा दिवस होता. ननंदेकडे औंधला जायचं, पोळ्या डब्यात, कटाची आमटी पातेल्यात. पातेलं ह्यांच्या मांडीवर, पुढच्या सीटवर, वर ताटली आणि ताटलीवरून फडकं बांधलेलं. सेनापती बापट रस्त्यावर सिग्नलला थांबलो. शेजारी एक पोरगा, त्याची फटफटी, आणि तिचा सायलेन्सर बहुतेक गहाण ठेवलेला. आकडे उलटे मोजले जात होते आणि पोरगा दर आकड्याला एकदा मूठ पिळत होता. माझ्याकडे बघत होता. म्हणजे गाडीकडे बघत असेल, पण मला तसं वाटलं.

"हा आपल्याला चिडवतोय का गं?" मागून आवाज आला.

"आई, तुम्ही लक्ष देऊ नका."

"का म्हणून? तो लाल लाव की तुझा."

ह्यांनी पातेलं घट्ट धरलं. "काही गरज नाही. आमटी आहे."

मी खटका फिरवला. मोठ्यांचा शब्द मोडू नये, असं आमच्या माहेरी शिकवलंय. दोन, एक, हिरवा. पोरगा आवाजानं पुढे गेला आणि आम्ही गाडीनं पुढे गेलो. आरशात तो लहान होत गेला, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी फ्रेम करून लावलं असतं. काटा पन्नासला टेकला तसा मी पाय उचलला, कारण शहरात मर्यादा आहे आणि मी मास्तरीण आहे.

पण आमटीला मर्यादा माहीत नव्हती. गाडी एकदम पुढे गेली की पातेल्यातलं द्रव्य जागच्या जागी राहू बघतं, म्हणजेच मागे येतं, आणि पातेल्याच्या मागे ह्यांचा पांढरा शर्ट होता. हा विज्ञानाचा पूर्वार्ध. उत्तरार्धात एका रिक्षावाल्याला अचानक गिऱ्हाईक दिसलं आणि तो रस्त्याच्या मधोमध थांबला. मी ब्रेक दाबला. उरलेली आमटी पुढे गेली, ताटलीसकट, डॅशबोर्डवर आणि तिथून एसीच्या जाळीत.

गाडीत कोणी काही बोललं नाही. मग आई म्हणाल्या, "मजा आली गं. पण आमटी जरा पातळच झाली होती, नाही तर एवढी उडती ना."

एसी लावला की अजून काळ्या मसाल्याचा वास येतो. परवा माझी मैत्रीण बसली होती. तिनं विचारलं, कुठलं फ्रेशनर आहे, छान आहे.

त्या रात्री घरी हिशेब झाला. ह्यांच्या मते त्या एका झेपेत मी घर धुऊन काढलं. मी कागद घेतला. शंभर किलोवॉट चार सेकंद ओढले तर एका युनिटचा नववा भाग. दहा रुपये युनिट धरलं तरी रुपयाभर. "अहो, चौकातला चहा याच्या दहापट आहे." यावर ह्यांनी वीज खात्याचा आख्खा अनुभव पणाला लावला. झेप स्वस्त असते, म्हणाले, महाग असतो तो नंतरचा वेग. वेग दुप्पट केलास तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि रेंज खाली येते ती तिथे. शिवाय टायर. बॅटरीमुळे गाडी आधीच जड, त्यात प्रत्येक सिग्नलला असा रगडा दिलास तर टायर किती दिवस पुरणार? यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, हे मला जास्त झोंबलं. शर्टाचा मात्र त्यांनी हिशेबात कुठे उल्लेख केला नाही. एवढं मन त्यांचं मोठं आहे.

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार फार आधी झालेला दिसतो. टेस्लानं २०१४ साली आपल्या एका मोडला ‘इनसेन’ म्हणजे वेडसर असं नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्याही वरचा ‘लुडिक्रस’ आणला. तोही पुरेना म्हणून पुढे ‘लुडिक्रस प्लस’ आला, आणि तो लावायला गेलं की पडदा विचारायचा, नक्की ना? खाली दोन उत्तरं. एक, "हो, होऊन जाऊ द्या." दुसरं, "नको, मला माझी आई हवी." हे वाचून मी किती तरी वेळ एकटीच हसत होते. आमच्या गाडीत हा पडदा असता तर ह्यांनी डोळे मिटून दुसरं बटण दाबलं असतं. आणि यांची आई मागच्या सीटवरून हात लांब करून पहिलं.

मे महिन्यात डोंबिवलीला मुंज होती. जाताना मी चालवली. घाट उतरताना पाय उचलला की मोटरच जनित्र होते आणि बॅटरीत वीज परत जाते. हा ह्यांचा सगळ्यात आवडता भाग. खंडाळ्यापासून खालपर्यंत ह्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. एका बाजूला एवढी दरी, डोंगर, बोगदे, आणि हे पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघून पुटपुटतायत, "आली... आली... अजून थोडी आली." टोल माफ आहे याचा आनंद वेगळा. विजेच्या गाड्यांना २०२५ च्या ऑगस्टपासून द्रुतगतीवर टोल नाही, आणि नाक्यावरून जाताना हे दर वेळी शेजारच्या रांगेतल्या पेट्रोलवाल्यांकडे सहानुभूतीनं बघतात.

येताना फूड मॉलवर चार्जिंगला थांबलो. चार्जरसमोर एक डिझेलची गाडी लावलेली होती आणि तिचा मालक आत मिसळ खात होता. त्याची मिसळ संपेपर्यंत आम्ही थांबलो. मग आमची पाळी. ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरतं आणि तिथून पुढे बॅटरी जपायला वेग कमी केला जातो, त्यामुळे शहाणी माणसं ऐंशीला निघतात. आम्ही निघालो नाही. ह्यांच्याभोवती पाच-सहा जण जमले होते. "काका, किती देते?" सुरुवात तिथून झाली आणि हे भाराच्या मागणीपर्यंत पोचले तेव्हा शंभर टक्के झाले होते. एक जण डायरीत लिहून घेत होता.

"आता मी चालवतो," हे म्हणाले. "तुला घाट चढताना युनिट कसे वाचवायचे ते दाखवतो. खोपोलीपासून वर साडेपाचशे मीटर चढ आहे. गाडी आणि आपण मिळून वजन धर. निव्वळ वर न्यायलाच अडीच युनिट लागतात. वायफळ एकही घालवायचं नाही."

इको लागला. इकोमध्ये एसीही मवाळ होतो, आणि आई पदरानं वारा घ्यायला लागल्या. घाटात आमच्या पुढे एक कंटेनर होता, आणि तो दुसऱ्या एका कंटेनरला मागे टाकत होता. दोघांच्या वेगातला फरक पाहता हे काम लोणावळ्यापर्यंत उरकण्यासारखं नव्हतं. आमच्या काचेवर त्याचा धूर. मागून एक बस दिवे मारत होती. कंटेनरच्या मागे ‘पुन्हा भेटू’ लिहिलेलं, आणि तो तर जातच नव्हता.

"अहो," मी म्हटलं.

"मी बघतोय."

"नाही, मी काही म्हणत नाहीये."

पहिला कंटेनर एकदाचा डावीकडे सरला. उजवीकडची लेन मोकळी झाली, फार तर काही क्षणांपुरती. ह्यांनी आरशात पाहिलं, सिग्नल दिला, आणि मग त्यांचा डावा हात खाली गेला. खटका एकदा, दोनदा फिरला. पडदा लाल झाला. माझी मान टेकूला लागली, मागे आईंच्या बांगड्या वाजल्या, पडद्यावरचा किलोवॉटचा आकडा उड्या मारत वर गेला आणि या जन्मात पहिल्यांदा ह्यांनी तो वाचला नाही. दोन्ही कंटेनर मागे पडले. हे परत डाव्या लेनमध्ये आले आणि खटका जागेवर नेला.

"हे ओव्हरटेकिंग होतं," म्हणाले. "ती सुरक्षेची बाब आहे. स्पोर्ट वेगळं."

"हो ना," मी म्हटलं.

"अरे, पुढे अजून एक आहे," आई मागून म्हणाल्या.