बाकीच्यांचं काही खरं नाही

प्रसारमाध्यमांचा समाजावर फार वाईट परिणाम होतो, असं माझं ठाम मत आहे. समाजावर म्हणजे शेजाऱ्यांवर, नातेवाइकांवर, पुढच्या पिढीवर आणि आता तर मागच्या पिढीवरही. माझ्यावर होत नाही. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८३ साली या समजुतीला 'थर्ड-पर्सन इफेक्ट' असं नाव दिलं. माध्यमं बिघडवतात ती इतरांना, असं म्हणे प्रत्येकालाच वाटतं. हे वाचून मला इतरांची कीव आली.

मालिकांचंच घ्या. मी मालिका बघत नाही. ती घरात चालू असते आणि माझं तोंड त्या दिशेला असतं, इतकंच. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. पहिलं मिनिट कालचं, शेवटचं उद्याचं. मधल्या वेळात कुणाच्या तरी हातातून ताट पडतं. ताट एकदाच पडतं, पण तीन बाजूंनी. मग खोलीतल्या सातही जणांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा आळीपाळीने झेप घेतो आणि मागे वीज कडाडते. सात चेहरे, प्रत्येकी चार सेकंद: एकही संवाद न लिहिता जवळपास अर्धं मिनिट निघालं. यात आळस नाही, हिशेब आहे. रोज एक भाग दाखवायचा तर साधारण रोज एका भागाचं चित्रीकरण उरकावं लागतं, आणि दचकलेले चेहरे एका जागी उभं करून भराभर घेता येतात. विजेचं काम वेगळं. प्रेक्षक घरातली कामं करता करता बघतो. वीज कडाडली की मान वर करायची, एवढं त्याला पाठ असतं.

ही सवय टीव्हीच्याही आधीची. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या मालिका सुरू झाल्या, त्यांचा खर्च बऱ्याचदा साबण कंपन्या उचलत, म्हणून त्या 'सोप ऑपेरा'. ऐकणारी बाई हातातलं काम टाकून बसणार नाही हे गृहीत धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाई. म्हणजे आधी घराने मालिकेला वळण लावलं. आता मालिका घराला लावते. हल्ली घरात वाद झाला की माणसं उत्तर देण्याआधी थांबतात, मान हळूच वळवतात आणि उपस्थितांवरून नजर फिरवतात. फक्त वीज तेवढी कमी पडते.

विनोदी कार्यक्रमांत वीज नसते, हसू असतं. समोर बसवलेले प्रेक्षक भलत्या जागी हसत किंवा नको तितका वेळ हसत. यावर उपाय म्हणून चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात एक पेटीच बनवली. कळ दाबली की खुसखुस, दुसरी दाबली की खो खो. असलं डबाबंद हसू मला अजिबात खपत नाही. ते ऐकून मी हसतो, तो निषेध म्हणून.

४ जुलै १९९०ला फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं. ब्रिटनमधले लाखो स्वतंत्र विचारांचे नागरिक स्वतंत्रपणे उठले आणि त्यांनी एकाच वेळी विजेच्या किटल्या लावल्या. विजेची मागणी काही मिनिटांत २,८०० मेगावॉटने चढली. म्हणून तिथले वीजवाटप करणारे टीव्हीचं वेळापत्रक बघून तयारीत राहतात. वेल्समधल्या डिनॉर्विगसारख्या केंद्रात डोंगरावर साठवलेलं पाणी खाली सोडलं की काही सेकंदांत वीज मिळते. कथानकाला कलाटणी मिळाली की इंजिनिअर धरणाची दारं उघडतो. समीक्षकाला इतका मान कधी मिळाला नाही.

पडद्यावरून परंपरेकडे असा उलटा प्रवास तर आणखी मजेशीर. मेक्सिकोत मृतांचा दिवस पाळण्याची परंपरा फार जुनी आहे. पण जेम्स बाँडच्या 'स्पेक्टर' (२०१५) चित्रपटाच्या सुरुवातीला मेक्सिको सिटीत जी भव्य मिरवणूक दिसते, तशी तिथे निघत नव्हती. ती चित्रपटवाल्यांच्या डोक्यातली. आता पर्यटक ती शोधत येणार म्हटल्यावर शहराने २०१६पासून खरोखरच काढायला सुरुवात केली. कवट्या संस्कृतीने दिल्या, रांग चित्रपटाने लावली. आणखी दोन पिढ्यांनी कुणीतरी आजोबा सांगतील, "आमच्या वेळी मिरवणुकीत जो भाव होता, तो आता नाही."

फोनबद्दल बोलायलाच नको, तरी बोलतो. तो आपली आवड विचारत नाही. अंगठा कुठे किती वेळ थांबला, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला का, पुन्हा पाहिला का, कुणाला पाठवला का, यावरून तो आवड ठरवतो. एखादा व्हिडिओ किती भिकार आहे याची खात्री करायला मी तो दोनदा बघतो आणि लोकांना सावध करायला तीन ग्रुपवर टाकतो. यंत्राला तिरस्कार मोजता येत नाही, त्याला सेकंद मोजता येतात. साहजिकच ते तसलेच आणखी दहा आणून देतं.

इलाज आहेत. व्हिडिओ दाबून धरायचा आणि 'नॉट इंटरेस्टेड' निवडायचं. पाहिलेल्यांची यादी पुसायची. यात एकच गोम आहे: यादी कोरी झाली की यंत्राकडे तुमच्याबद्दल फारसं काही उरत नाही, मग ते सगळ्या जगाला आवडतं तेच पुढे करतं, आणि आपण 'बघू तरी लोक काय बघतात' म्हणून थांबतो. त्यापेक्षा पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं बंद करावं. ते बटण सेटिंग्जमध्ये आत कुठेतरी असतं. कुठे, ते समजावणारा एक चांगला व्हिडिओ आहे. त्याच्या मागोमाग लागला तो तर फारच छान होता.